उभं राहण्याची किंमत : फुगलेल्या शिरांचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हेरिकोज व्हेन्सवर बोलायचं म्हटल्यावर प्रश्न पडणारच, की हा डॉक्टरांचा विषय इथे कशाला आणला? विषय डॉक्टरांचा आहे हे खरंच. पण हा आजार ज्यांना होत आला ती माणसं कोण होती, दिवसाचे किती तास उभी होती, त्यांना बसू दिलं जात होतं का, आणि त्यांच्या पायांकडे बघून वैद्य काय समजत होते, हा सगळा इतिहासच आहे. किमान साडेतीन हजार वर्षांचा तरी आहे.

आधी शब्दांचं बघू. पोटरीवर किंवा मांडीच्या आतल्या अंगाला हिरव्या-निळ्या, वेड्यावाकड्या, दोरीसारख्या शिरा वर आलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. घरात आपण म्हणतो, 'नसा फुगल्यात'. परिभाषेत याला 'अपस्फीत नीला' असा भारदस्त शब्द आहे. नीला म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणारी वाहिनी, आणि हृदयाकडून रक्त बाहेर नेणारी ती रोहिणी. 'नस' हा शब्द मात्र आपण कशालाही वापरतो. मानेतली नस दबली तरी नस आणि पायातली फुगली तरी नस! पहिली मज्जातंतूची गोष्ट आहे, दुसरी रक्तवाहिनीची. या एका शब्दापायी लोक चुकीच्या डॉक्टरकडे जातात. म्हणून मी आज 'शीर' म्हणणार आहे.

आता सर्वांत जुन्या नोंदीकडे जाऊ. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास लिहिलेला एक वैद्यकीय ग्रंथ आहे, एबर्स पपायरस. १८७३ मध्ये गेओर्ग एबर्स या जर्मन अभ्यासकाने तो विकत घेतला, आज तो लाइपझिगला आहे. त्यात अंगावरच्या गाठी आणि सूज यांचं वर्णन करताना सापासारख्या वळणाच्या एका प्रकाराबद्दल सांगितलंय, की याला हत्यार लावू नका. बहुतेक अभ्यासक याचा अर्थ फुगलेल्या शिरा असाच लावतात. म्हणजे आपल्याकडे असलेला बहुधा सर्वांत जुना सल्ला काय, तर हात लावू नका. आणि तो चांगला सल्ला होता. फुगलेली शीर कापली तर रक्त किती वाहतं, हे त्या माणसांनी पाहिलेलं असणार.

सुश्रुतसंहितेत ग्रंथींचे प्रकार सांगताना 'सिराज ग्रंथी' येते. दुबळ्या माणसाने अति श्रम केले की वायू शिरांना पिळतो, आखडवतो आणि गाठ उभी करतो, असं त्याचं कारण दिलंय. आज आपण ज्याला व्हेरिकोज म्हणतो तेवढंच यात बसतं असं नाही, रक्तवाहिन्यांचे आणखी काही विकारही त्यात येत असावेत. पण 'श्रम' हा शब्द लक्षात ठेवा.

अथेन्सला अॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी अमीनोस नावाच्या एका आरोग्यदायी वीराचं ठाणं होतं. तिथे एक कोरीव शिळा सापडली, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. तिच्यावर एक माणूस आहे, आणि त्याने दोन्ही हातांनी स्वतःच्या उंचीच्या जवळपास येईल एवढा मोठा पाय धरलाय. त्या पायावर वरून खाली एक जाड शीर स्पष्ट कोरलेली आहे. हा नवसाचा पाय! आपल्याकडे देवाला चांदीचे डोळे नाहीतर पाय वाहतात तसाच. लायसिमाखिदेस नावाच्या माणसाने तो वाहिला. त्याला गुण आला म्हणून वाहिला की गुण यावा म्हणून, ते शिळा सांगत नाही. पण व्हेरिकोज व्हेनचं हे बहुधा सर्वांत जुनं चित्र, आणि ते वैद्याने नाही, रुग्णाने करवून घेतलेलं आहे.

रोममध्ये मात्र कापायला सुरुवात झालेली दिसते. पहिल्या शतकातल्या सेल्ससने दोन उपाय दिलेत. शीर सरळ असेल तर तापलेल्या लोखंडाने डाग द्या. वाकडीतिकडी असेल तर कातडी चिरा, कडा आकडीने धरा, शीर भोवतालच्या मांसापासून मोकळी करा, खाली बोथट आकडी घालून उचला, तोडा आणि ओढून काढा. मग पुढच्या जागी पुन्हा तेच. हे सगळं भुलीशिवाय. भूल यायला अजून अठरा शतकं होती.

या शस्त्रक्रियेचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे गायस मारियस. सात वेळा कॉन्सल झालेला रोमन सेनानी. त्याची गोष्ट प्लुटार्कने सांगितलीय, त्याआधी सिसेरोनेही, आणि सिसेरो तर मारियसच्याच गावचा, आर्पिनमचा. मारियसच्या दोन्ही पायांवर शिरा फुगलेल्या होत्या आणि ते विद्रूप दिसणं त्याला आवडत नव्हतं. वैद्याला बोलावलं. अशा वेळी रुग्णाला बांधून ठेवायची पद्धत होती, मारियसने बांधून घ्यायला नकार दिला. एक पाय पुढे केला, तोंडातून आवाज न काढता सगळं सोसलं. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मारियस म्हणाला, राहू दे, एवढ्या वेदनेच्या मानाने हा उपाय काही फायद्याचा नाही. प्लिनी तर म्हणतो की ही शस्त्रक्रिया त्याने उभ्यानेच करून घेतली.

ही गोष्ट साधारणपणे रोमन सहनशक्तीचा नमुना म्हणून सांगतात. मला तिच्यात वेगळं दिसतं. उपचाराची किंमत आणि उपचाराचा फायदा हे तराजूत घालून 'नको' म्हणणारा रुग्ण आहे हा. सेनानी होता म्हणून त्याचं 'नको' इतिहासात टिकलं.

यानंतर जवळपास पंधराशे वर्षं युरोप, अरबस्तान, सगळीकडे गेलनचं शरीरशास्त्र चाललं. सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना मांडीतली शीर बांधायला सांगतो, दहाव्या-अकराव्या शतकात कॉर्डोबाचा अल-झहरावी ती ओढून काढण्याची कृती लिहितो. हात कुशल होते. पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणाऱ्या लांब शिरेला आजही 'सॅफेनस' म्हणतात. हा शब्द 'स्पष्ट दिसणारी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला की 'लपलेली' या अर्थाच्या अरबी शब्दावरून, याबद्दल दोन मतं आहेत. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर वाटतात. घोट्यापाशी ती दिसते, मांडीत लपते.

हात कुशल, पण समज चुकीची. गेलनच्या मते रक्त यकृतात तयार होतं आणि शिरांमधून अवयवांकडे जातं, शेताला पाटाचं पाणी द्यावं तसं. तिथे ते जिरतं. परत येण्याचा प्रश्नच नाही. मग पायात शीर का फुगते? तर जड, काळं, दूषित रक्त खाली साचतं म्हणून. आणि घोट्याजवळ जखम का होते? ते दूषित रक्त बाहेर पडायला वाट शोधतं म्हणून. एकदा असं मानलं की पुढची पायरी आपोआप येते. जखम बरी करणं धोक्याचं! वाट बंद झाली तर ते दूषित द्रव्य डोक्यात चढेल, माणूस भ्रमिष्ट होईल. म्हणून पायावरच्या जखमा मुद्दाम वाहत्या ठेवल्या जात. विचार करा, आयुष्यभर पायावर वाहती जखम घेऊन शेतात किंवा ओझ्याखाली उभा राहणारा माणूस, आणि वैद्य त्याला सांगतोय की हे तुझ्या भल्यासाठी आहे.

हे चित्र बदललं ते इटलीतल्या पादुआ इथे. पादुआ विद्यापीठात शवविच्छेदनासाठी बांधलेलं लाकडी सभागृह आहे, १५९५ चं, अंडाकृती, उभ्या चढत्या कठड्यांचं. आजही पाहता येतं. तिथला प्राध्यापक हिएरोनिमस फाब्रिसियस. शिरांच्या आत त्याला पडद्यासारख्या छोट्या झडपा दिसल्या. १५७४ पासून तो त्या दाखवत होता, १६०३ मध्ये त्याने त्यांच्यावर सुंदर चित्रांचं पुस्तक काढलं. त्याने त्यांना नाव दिलं 'ऑस्टिओला', म्हणजे छोटी दारं. पण ती दारं कशासाठी? फाब्रिसियस गेलनच्याच शाळेतला. तो म्हणाला, रक्त एकदम हातापायांत धावत सुटू नये म्हणून निसर्गाने त्याचा वेग कमी केलाय. डोळ्यांसमोर दार होतं, पण ते कोणत्या बाजूला उघडतं याचा अर्थ त्याला लागला नाही.

त्या काळात पादुआत एक इंग्रज विद्यार्थी होता, विल्यम हार्वी. १६०२ मध्ये तो पदवी घेऊन परत गेला. १६२८ मध्ये फ्रँकफर्टला त्याचं छोटंसं पुस्तक छापलं गेलं, रक्त शरीरात फिरतं हे सिद्ध करणारं. म्हातारपणी रॉबर्ट बॉइलने त्याला विचारलं, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी? हार्वीने सांगितलं, शिरांमधल्या झडपांवरून.

त्याच्या पुस्तकात हाताची चित्रं आहेत, फाब्रिसियसच्या चित्रांवरून घेतलेली. त्यातला प्रयोग तुम्ही घरी करू शकता, आत्ता ऐकता ऐकतासुद्धा. दंडाला रुमाल बांधा, फार घट्ट नको, इंजेक्शनच्या वेळी बांधतात तसा. हात खाली सोडा. शिरा वर येतील आणि त्यांच्यावर मधूनमधून छोट्या गाठी दिसतील. या गाठी म्हणजे झडपा. आता शिरेवर, मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त ढकलत पुढच्या गाठीच्या पलीकडे न्या आणि ते बोट उचला. शिरेचा तेवढा तुकडा रिकामा, सपाट राहतो. वरून रक्त खाली येत नाही. आता मनगटाकडचं बोट उचला. खालून रक्त सर्रकन भरतं. म्हणजे दार हृदयाच्या दिशेनेच उघडतं. दोन बोटांचा प्रयोग, आणि पंधराशे वर्षांचं शरीरशास्त्र संपलं. प्रयोग झाला की रुमाल सोडा बरं का.

आता पायाकडे या. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास रक्ताचा स्तंभ असतो. नुसतं शांत उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेत त्याचा दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की तो ३० च्या आसपास उतरतो, कारण पोटरी आवळली की आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं, झडपा ते परत येऊ देत नाहीत. विहिरीवरच्या हातपंपासारखं आहे हे. दांडा हलवला तर पाणी चढतं. दांडा हलला नाही, किंवा आतली झडप गेली, तर सगळं खालीच. चालणारा माणूस पंप चालवतो, बसलेल्या माणसाचा स्तंभ आखूड होतो, आडव्या माणसाचा जवळजवळ नाहीसाच होतो. सर्वांत वाईट स्थिती कोणाची? एका जागी निश्चल उभ्या राहिलेल्या माणसाची.

झडप एकदा नीट मिटेनाशी झाली की वरचा भार खालच्या झडपेवर येतो, शीर ताणली जाते, ताणली की तिच्यातली पुढची झडपही मिटत नाही. असं ते खाली खाली येतं. सुरुवात होण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, वयाचा, गर्भारपणाचा, वजनाचा. आणि उभं राहण्याचा. डेन्मार्कमध्ये नोकरदारांचा १२ वर्षं पाठपुरावा करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामावर बहुतेक वेळ उभं राहणाऱ्यांना या आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण स्पष्ट जास्त आढळलं.

हार्वीनंतर सगळे उपचार लगेच बदलले असं नाही झालं. पण इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, त्याचा शस्त्रवैद्य रिचर्ड वाइजमन. यादवी युद्धात सैनिकांच्या जखमा बांधलेला माणूस. १६७६ मध्ये त्याचा ग्रंथ आला. शीर इतकी रुंदावते की झडपा एकमेकींना टेकत नाहीत, आणि पायावरची जखम या फुगलेल्या शिरांमुळेच होते, हे त्याने ओळखलं. कापण्याऐवजी त्याने पायाला नाडीने आवळता येणारा कातड्याचा मोजा चढवला. दूषित द्रव्य बाहेर काढण्याच्या नादात न पडता पाय बाहेरून धरून ठेवला! माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा मोजा आहे, आणि त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

एकोणिसाव्या शतकात भूल आली, १८६७ पासून लिस्टरची जंतुनाशक पद्धत आली आणि पुन्हा हत्यारं बाहेर निघाली. जर्मनीत बॉनला फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्गने १८९० च्या सुमारास एक चाचणी दिली. रुग्णाला झोपवा, पाय वर करा, शिरा रिकाम्या होतील. जांघेपाशी शीर बोटाने दाबा आणि त्याला उभं करा. बोट काढलं आणि रक्त वरून धबकन खाली आलं, तर जांघेतली झडप गेली. ही म्हणजे हार्वीच्या बोटांचीच कसरत, फक्त मोठ्या शिरेवर. त्यावरून त्याने ती शीर वरच बांधून टाकायला सुरुवात केली. १९०५ ते १९०७ या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी शीर आतून किंवा बाहेरून ओढून काढण्याची साधनं आणली, आणि 'स्ट्रिपिंग' पुढची जवळजवळ शंभर वर्षं चाललं. आपल्या आई-आजीच्या पिढीत ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांचं बहुधा हेच.

दुसऱ्या बाजूने मोजाही सुधारत होता. हॅम्बुर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिंक ऑक्साइड, जिलेटिन आणि ग्लिसरीनची पट्टी पायाला गुंडाळली. ती वाळून घट्ट होते आणि माणूस तिच्यासकट चालतो. 'उन्ना बूट' आजही वापरात आहे. त्याचं मर्म असं, की रुग्णाला खाटेवर पाडून ठेवायची गरज नाही. रोजंदारीवरच्या माणसाला ही फार मोठी गोष्ट होती.

मग कॉनराड योब्स्ट. ओहायोमधल्या टोलेडोचा अभियंता, स्वतः पायावरच्या जखमांनी बेजार. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायाला बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं. डॉक्टर नव्हता, अभियंता होता, म्हणून त्याने हिशोब केला. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. एक मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर भरतो. म्हणजे आत रक्ताचा स्तंभ जसा खाली जड होत जातो, तसंच बाहेर पाणी खाली जास्त दाबत जातं. तर मोजाही तसाच हवा, घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल. १९५० च्या सुमारास त्याने असा मोजा तयार केला. आज औषधाच्या दुकानात 'कॉम्प्रेशन स्टॉकिंग' मिळतं ते याच तत्त्वाचं.

इथे थोडं थांबून रोजच्या व्यवहाराचं बोलतो, कारण व्याख्यानानंतर प्रश्न याचेच येतात. पाय संध्याकाळी जड होतात, ओढल्यासारखे होतात, घोट्याशी मोज्याचा वण उमटतो, रात्री गोळे येतात, खाज सुटते; सकाळी उठल्यावर सगळं बरं असतं. ही सुरुवात. नुसत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-जांभळ्या रेषा असतील तर तो बहुतेक वेळा दिसण्याचा प्रश्न असतो. पण घोट्याच्या वर, आतल्या बाजूला कातडी तपकिरी, कडक व्हायला लागली तर ते गंभीरपणे घ्यायचं, कारण जखम तिथेच होते. १९९४ मध्ये हवाई बेटांवर जमलेल्या तज्ज्ञांनी याच्या पायऱ्या ठरवल्या, शून्य ते सहा. सहावी म्हणजे उघडी जखम. आपल्याकडे लोक थेट पाचवी-सहावीला येतात, तोवर हळद, मलम, मालिश.

मालिशवरून आठवलं. रात्री पाय चेपून घ्यायची आपली पद्धत चांगलीच आहे. हात घोट्याकडून वर न्यावा, शिरांवर जोर देऊ नये आणि नंतर पाय उशीवर, छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवावेत. पण एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, गरम झाली, तर हात लावू देऊ नका. खोल शिरेत गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. त्याच दिवशी डॉक्टर. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक मोठं रुग्णालय. फुगलेली शीर कशाला लागून फुटली तर रक्त बघून घाबरायला होतं. तेव्हा माणसाला आडवं करा, पाय उंच करा, स्वच्छ कपड्याने दाबून धरा आणि दवाखान्यात न्या. मांडीला दोरी बांधू नका, त्याने शिरांतला दाब वाढू शकतो.

मोजा सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचा, पाय सुजल्यावर नाही. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर घट्ट मोजा घातक ठरतो, म्हणून आधी पायाची नाडी तपासून घ्यायची. आणि चैत्र-वैशाखात विदर्भात दिवसभर असा मोजा घाला म्हणणं सोपं आहे, घालणं नाही. ज्यांना जमत नाही त्यांना निष्काळजी म्हणू नये.

आता तर कलर डॉप्लरने कोणती झडप गळते ते पडद्यावर दिसतं. १९९९ नंतर शीर ओढून काढण्याऐवजी आतून लेसरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने बंद करतात, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एव्हरा नावाच्या चाचणीचा निष्कर्ष आला. ४५० रुग्ण, सगळ्यांच्या पायावर उघडी जखम, सगळ्यांना पट्ट्या. त्यातल्या अर्ध्यांची शीर लवकर बंद केली, बाकीच्यांची नंतर. पहिल्या गटात जखम भरायला मध्यमान ५६ दिवस लागले, दुसऱ्यात ८२. म्हणजे कापणारे आणि बांधणारे, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. पण दोघांनाही झडप कळावी लागली.

एक समज मात्र अजून जात नाही, की हा बायकांचा आजार. एडिनबर्गला १८ ते ६४ वयाच्या लोकांची सरसकट तपासणी झाली, १९९९ मध्ये आकडे आले. मोठ्या शिरा फुगलेल्या पुरुषांचं प्रमाण ४० टक्के निघालं, बायकांचं ३२. दवाखान्यात बायका जास्त दिसतात, पुरुष पँट घालून फिरतात, एवढाच फरक.

पण बायका उभ्या कुठे राहिल्या, तो इतिहास वेगळा आहे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात मोठी दुकानं निघाली. काउंटरमागे तरुण मुली, दिवसभर उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण बसलेली मुलगी आळशी दिसते. बरीच ओरड झाल्यावर १८९९ मध्ये कायदा झाला : दर तीन विक्रेत्या बायकांमागे एक तरी आसन ठेवा. तीन बायका, एक खुर्ची. त्यासाठी पार्लमेंट लागलं.

मुंबईच्या गिरण्यांत तर खुर्चीची गोष्टच दूर होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्धा तास विश्रांती होती. रविवार मिळायला १८९० उजाडलं. १८९१ च्या कायद्याने बायकांचा दिवस ११ तासांवर आणला, कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांवर यायला १९११ लागलं. साच्यासमोर १२ तास ही सवलत होती! स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४४ आलं. ज्या कामगारांना उभं राहून काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसण्याची योग्य सोय ठेवावी, म्हणजे कामाच्या ओघात विश्रांतीची संधी मिळाली तर ती त्यांना घेता येईल. पण हे कारखान्यांसाठी होतं. दुकानातली मुलगी, हॉटेलातला वाढपी, चौकातला वाहतूक पोलीस यात येत नव्हते. आणि घरातली बाई तर कुठल्याच कायद्यात येत नाही. आपल्याकडे चूल जमिनीवरून ओट्यावर आली, वाकणं-उठणं वाचलं, धूर गेला, चांगलं झालं. पण ओट्यापाशी तिच्यासाठी उंच स्टूल ठेवलेलं घर मला तरी विरळा दिसतं.

दुकानातल्या मुलींचा प्रश्न आपल्या देशात सोडवला तो केरळमधल्या बायकांनीच. कोळिकोडला मिठाई तेरू नावाची जुनी बाजारपेठ आहे, कापडाच्या दुकानांनी भरलेली. तिथल्या विक्रेत्या बायकांना दिवसभरात बसायला बंदी, आणि पाणीसुद्धा जपून प्यायचं, कारण स्वच्छतागृह नाही. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र आणलं. 'पेणकूट्टु' ही संघटना उभी राहिली, म्हणजे बायकांची सोबत. आधी स्वच्छतागृहासाठी लढल्या, मग बसण्यासाठी. 'इरिक्कल समरम' म्हणत त्याला, बसण्याचा लढा. पाठदुखी, लघवीचे विकार आणि पायावरच्या फुगलेल्या शिरा, ही कारणं त्या उघडपणे सांगत होत्या. २०१८ मध्ये केरळने आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली आणि कामाच्या वेळात बसण्याची सोय देणं मालकांवर बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला.

तुम्ही सणासुदीला साड्यांच्या दुकानात जाल तेव्हा काउंटरच्या मागे एकदा बघा. स्टूल असेल तर त्यावर कोणी बसलेलं आहे का तेही बघा. बरेचदा त्याच्यावर साड्यांच्या रिकाम्या खोक्यांची चळत असते.